‘ओ’ अक्षरावरून मुलांची नावे

नावांच्या धंद्यातली माझी पहिली नोकरी बिनपगारी होती. मी आर्णीला ताईच्या घरी राहून शिकत होतो, तेव्हाची. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. तिच्यासोबत रेशन दुकानात, बँकेत, दवाखान्यात जायचं, आणि खिडकीतल्या माणसानं "नवऱ्याचं नाव?" असं विचारलं की तिच्या वतीनं खणखणीत आवाजात सांगायचं, "मनोहर!" ताई नवऱ्याचं नाव घेत नसे. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मी सोबत नसलो की ती भाऊजींच्या सायकल दुकानाच्या पाटीवरच्या नावाकडे बोट दाखवायची. जिथून पाटी दिसत नाही तिथून काम न करता परत यायची.

एवढं खरं काम मी पुढे कधीच केलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा’ असं कळवलं, त्याला मी सहा महिने उत्तर दिलं नव्हतं. त्यांचा समज असा की मी नेटवर भाषांतरं करतो. मी राहतो त्या लोहाऱ्यातल्या शेजाऱ्यांचा समज असा की मी शेअर बाजारात बुडालो आहे. ताईचा समज असा की तिचा भाऊ इंटरनेटवर ‘काहीतरी चांगलं’ लिहितो. मी कुणाचाच समज दूर केला नाही. गप्प बसण्यात माझा हात धरणारा अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नसेल.

तर धंदा सांगतो. माझा इंग्रजीचा कोचिंग क्लास बंद पडला (कशामुळे ते सांगणारे विद्यार्थी अजून हयात आहेत), तेव्हा मला एका वेबसाइटचं काम मिळालं. मुलांची नावं आणि त्यांचे अर्थ. घरात पाळणा यायच्या आधीच आईबाप मोबाइलवर नाव शोधायला लागतात. जे पान उघडतं, ते माझ्यासारख्या कुणीतरी एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत, पंख्याखाली, लुंगीवर बसून लिहिलेलं असतं. पानाखाली लेखकाचं नाव नसतं. ‘आमच्या तज्ज्ञांची टीम’ असं असतं. टीममध्ये मी होतो, आणि पंखा होता.

प्रत्येक नावाला ठरलेला साज असतो. अर्थ, उगम, शुभ अंक, शुभ रंग, स्वभाव, आणि भावंडांना शोभतील अशी नावं. अर्थ दोन ओळींत संपतो, पण मजुरी शब्दांवर मिळते, म्हणून बाकीचा साज. स्वभावाचे माझ्याकडे चार साचे होते. शांत पण ठाम, ठाम पण प्रेमळ, प्रेमळ पण स्वतंत्र, आणि स्वतंत्र पण शांत. या चारांत मी महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी बसवली आहे. रंगाचं शास्त्र त्याहून खोल. खिडकीतून समोरच्या काकूंच्या दोरीवर जे वाळत असेल तो शुभ रंग. काकू एकदा लेकीकडे गेल्या, तेव्हा दोरी रिकामी होती. त्या दिवसांत लिहिलेल्या सगळ्या मुलांना आकाशी रंग शुभ आहे.

नियम दोनच होते. ‘माहीत नाही’ असं लिहायचं नाही, आणि अशुभ काही लिहायचं नाही. ते पाळले जातात की नाही हे पुण्याहून केतकी बघायची. केतकी माझी संपादक, माझ्या भाचीच्या वयाची. फोनवर फार गोड बोलायची.

"सर, या नावाचा अर्थ तुम्ही ‘लंगडा’ लिहिलाय."

"तोच आहे. जुना रोमन शब्द आहे."

"हो, पण पेरेंट्स घाबरतील ना. काहीतरी पॉझिटिव्ह?"

"‘सावकाश पण ठामपणे चालणारा’ चालेल?"

"वॉव, सर!"

गिऱ्हाइकंही एकेक. साइटवर चुकून माझा नंबर गेला होता काही दिवस. एका बाईंचा फोन आला, की जगात कुणाचंच नसेल असं नाव पाहिजे. गुगलवर टाकलं तर एकही माणूस दिसता कामा नये. मी म्हटलं, बाई, असं नाव आमच्या साइटवर टाकलं की ते गुगलवर दिसणार. बराच वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "मग टाकू नका, फक्त मला सांगा." राळेगावच्या एका निवृत्त गुरुजींनी विचारलं, की नातीच्या नावाचा अर्थ तुमच्या एका पानावर ‘हिमालयाची कन्या’ आणि दुसऱ्यावर ‘समुद्राची लाट’ दिला आहे, खरा कोणता? दोन्ही पानं माझीच. मी उत्तर दिलं, की विद्वानांत मतभेद आहेत. तेही अगदी खोटं नव्हतं. सोमवारच्या माझ्यात आणि गुरुवारच्या माझ्यात मतभेद होतेच.

एकदा शेजारच्या पोराला घेऊन त्याचा आजोबा घरी आला, दिग्रसकडच्या तांड्यावरचा. त्याचं नाव थावरा. माझं काम ऐकून त्याला फार हसू आलं. "मी थावरले झालो, म्हून थावरा. थावर म्हंजे शनवार, आमच्या बोलीत," तो म्हणाला. "याच्यावर किती लिहसान?"

मी म्हटलं, "आठशे शब्द."

"आन् उरलेल्या शब्दांत काय लिहसान, शनवार कसा असते थे?"

मी हसलो. मग तो गेल्यावर त्याच्या नावाचं पान लिहिलं. शुभ रंग निळा.

आता ‘ओ’.

पत्रिकेवरून जन्माक्षर काढतात, हे सगळ्यांना माहीत आहे. रोहिणी नक्षत्राच्या पहिल्या चरणात जन्मलेल्या पोराला ‘ओ’ येतो. आणि ‘ओ’वरून मराठीत नावं किती? ओम, ओंकार, ओजस. तीन नावांवर किती पोरं काढणार? अंगणवाडीत ओंकार म्हणून हाक मारली की पाच पोरं उठतात. म्हणून ‘ओ’वाले आईबाप सगळ्यात जास्त शोधतात, आणि सगळ्यात कमी मिळवतात. केतकीनं सांगितलं, "सर, ‘ओ’ला खूप डिमांड आहे आणि सप्लाय नाही. कुठूनही आणा. युनिक पाहिजे."

मी आधी संस्कृत खरवडलं. मग ग्रीक. मग मध्ययुगीन जर्मनीत शिरलो, आणि तिथं मला खजिनाच सापडला. ओटो, ओडो, ओस्वाल्ड, ओर्टविन. फोनवर भाषांतर करून करून मी एका फार जुन्या जर्मन पुस्तकाची स्कॅन केलेली पानं वाचली. खरं सांगतो, या सगळ्या वर्षांत मन लावून वाचलेलं तेवढंच.

त्या काळच्या जर्मन माणसांना पोराचं नाव ठेवताना शुभ-अशुभाची काही पडलेली नव्हती. भाला, तलवार, लांडगा, कावळा, जे हाताला लागेल ते. बहुतेक नावं दोन तुकड्यांची. ओर्टविनमधला ‘ओर्ट’ म्हणजे हत्याराचं टोक, ‘विन’ म्हणजे मित्र. भाल्याच्या टोकाचा मित्र! पण पुस्तकात पुढं जे होतं ते वाचून मी पंखा बंद केला, पानं उडू नयेत म्हणून. मग आठवलं की पानं पडद्यावर आहेत. त्यात लिहिलं होतं की या दोन तुकड्यांचा मिळून अर्थ लावत बसू नका. लावणाऱ्यांनीही पुष्कळदा लावला नव्हता. एक तुकडा बापाच्या नावातला घ्यायचे, एक आईच्या. किंवा आजाच्या नावातला अर्धा उचलून नातवाला लावायचे. नाव ऐकलं की गावाला कळायचं, हे पोर कुणाचं आहे. नावाचा अर्थ तेवढाच.

मी हे केतकीला सांगितलं. माझा आवाज जरा चढलाच असावा.

"इंटरेस्टिंग आहे, सर," ती म्हणाली. "पण मीनिंग काय टाकणार?"

"हेच की अर्थ नसतो. कुणाचा पोरगा ते कळतं."

"सर, पेरेंट्सना मीनिंग लागतं. आणि भाला नको प्लीज."

मी भाला काढला. ‘ओर्टविन : तेजाचा मित्र, उगमाचा रक्षक.’ शांत पण ठाम. मोरपंखी रंग. तरी शब्द कमी पडत होते. तेव्हा मी शेवटी एक मथळा टाकला, ‘नाव ठेवताना काय टाळावे’, आणि त्याखाली लिहिलं : ‘प्राचीन जर्मन परंपरेनुसार दिवंगत आजोबांचे नाव बाळाला देणे टाळावे. गेलेल्या व्यक्तीच्या अपुऱ्या आयुष्याचा भार बाळाच्या कोवळ्या आयुष्यावर पडतो, असे मानले जाते.’

असे मानले जाते. कोण मानतं? कुणीच नाही. जर्मन लोक तर नेमकं उलटं करायचे, आणि ते मी त्याच दिवशी वाचलं होतं. मग का लिहिलं? मी याचं उत्तर पुष्कळ दिवस शोधलं. शब्द कमी पडत होते, एवढंच उत्तर आहे. अशुभ लिहायचं नाही हा नियम होता ना? केतकीला मी आठवण करून दिली. ती म्हणाली, "हे अशुभ नाही सर, ही काळजी आहे. काळजी खूप चालते."

चाललीच. पंधरा दिवसांत ते वाक्य दुसऱ्या साइटवर दिसलं, मग हिंदीत, मग बासरीच्या संगीतावर एका व्हिडिओत. माझ्या लिखाणाला एवढी लोकमान्यता कधी मिळाली नव्हती. मी ते कौतुकानं बघत होतो, हेही लिहून टाकतो.

मनोहर भाऊजी गेले त्याच वर्षी. त्यांच्याविषयी फार लिहिणार नाही. लिहायला लागलो की मी सजवतो, सवय आहे. सायकलचं दुकान, नंतर मोटारसायकलचे पार्ट. माझं शिक्षण त्यांच्या घरी झालं आणि मी त्यांच्या घरात राहतो आहे हे त्यांनी मला एकदाही जाणवू दिलं नाही. पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात धरून माझ्याकडून इंग्रजी कविता म्हणवून घ्यायचे. कविता त्यांना कळत नसे. "बुडबुडा आला की थांबजो," म्हणायचे.

दोन वर्षांनी त्यांना नातू झाला. भाचा संकेत पुण्याला नोकरीत. त्याची बायको प्रणाली वर्ध्याची. बाळंतपण वर्ध्याला झालं, बारसं आर्णीला ठरलं. ताईचा मला फोन आला.

"तुले एक सांगू काय? हसशीन त नाही ना?"

"सांग."

"मले वाटते, पोट्ट्याचं नाव यायचंच ठेवावं."

यायचं म्हणजे भाऊजींचं.

"जन्माक्षर ‘ओ’ आलं म्हंते. पण थे पत्रिकेपुरतं राहू दे. हाका माराले यायचं नाव. जनमभर मी ‘अहो’ केलं रे. शेवटी दवाखान्यात हे गुंगीत होते, डॉक्टर म्हणे, आजी, नाव घेऊन हाक मारा, कदाचित ओ देतीन. माह्या तोंडातून निघालंच नाही. ‘अहो, अहो’ करत बसली मी. अख्खा वॉर्ड ‘अहो’ होता, कोण ओ देईन?" मग म्हणाली, "नातवाले त नावानं हाक मारता येते ना? कोणी काही म्हणत नाही ना त्याले?"

मी म्हटलं, "कोणी काही म्हणत नाही. सांग ना त्यांना."

तिनं सांगितलं. चार दिवसांनी पुन्हा फोन.

"नाही म्हंते प्रणाली. चांगल्या शब्दांत म्हणाली, तिची चूक नाही. तिनं मोबाइलवर वाचलं, थे मलेही पाठवलं. थांब, वाचून दाखवतो." आणि आर्णीच्या ओसरीवर बसून माझी बहीण मला माझं वाक्य वाचून दाखवायला लागली. अडखळत, बोट ठेवत. "गेलेल्या व्यक्तीच्या अपुऱ्या आयुष्याचा भार... बाळाच्या कोवळ्या... जर्मन लोकायचं शास्त्र आहे म्हंते. मले काय माहीत, बाप्पा? मी त लेकराच्या वाईटावर नाही ना? ऐकून राह्यला काय?"

"ऐकून राह्यलो."

"तू एवढं नेटवर लिहितं. खरं असते काय हे?"

इथं माणसानं बोलायचं असतं. मी म्हणालो, "बघतो, विचारून सांगतो." कुणाला विचारणार होतो देव जाणे. मी फोन ठेवला आणि केतकीला लावला, की ते वाक्य काढून टाक, ते चूक आहे.

"सर, ते पान टॉपला आहे."

"मी खोटं लिहिलंय ते, केतकी."

"सर, सगळ्याच साइट्सवर आहे ते. आपण काढलं तर आपलंच चुकीचं वाटेल." मग जरा अवघडून म्हणाली, "आणि सर, तुम्हाला सांगायचंच होतं. पुढच्या महिन्यापासून पानं टूल लिहिणार आहे. एआय. ते खूप छान लिहितं. तुमच्याच पानांवरून शिकलंय ते."

अशा रीतीनं मी सेवानिवृत्त झालो. निरोपसमारंभ फोनवरच उरकला.

बारशाच्या दिवशी सकाळच्या एसटीनं आर्णीला गेलो. मनाशी ठरवलं होतं की प्रणालीला एकटं गाठून सगळं सांगायचं. नाव त्यांना हवं ते ठेवू देत. पण माझ्या वाक्याला घाबरून नको. बारशाच्या घरात बाळंतिणीला एकटं गाठणं म्हणजे जत्रेत देवाला एकटं गाठणं. शेवटी आतल्या खोलीत ती बाळाला टोपडं घालत होती आणि संकेत फुगे फुगवत होता, तेव्हा मी दार लोटलं.

"प्रणाली, तू वाचलंस ते ओर्टविनचं पान मी लिहिलंय," मी म्हणालो.

"म्हणजे?" ती हसली. "मामा, ते जर्मन रिसर्चवरून आहे."

"मीच तो रिसर्च. लोहाऱ्याला बसून लिहिलं. तेजाचा मित्र वगैरे काही नाही, भाल्याचं टोक आहे ते. आणि आजोबांचं नाव ठेवू नये, भार पडतो, ते मी मनानं घातलं. शब्द कमी पडत होते."

संकेतच्या हातातला फुगा सुटून खोलीभर फिरला आणि कपाटावर जाऊन पडला. मग तो म्हणाला, "मामा, तुम्ही गंमत करून राह्यले ना?"

मी आयुष्यात गंमत केलेली नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी पुरावा पाहिजे म्हणून त्यानं फोन काढला आणि त्यातल्या सर्वज्ञाला, म्हणजे एआयला, विचारलं, की आजोबांचं नाव नातवाला ठेवावं का, जुनी जर्मन परंपरा काय सांगते? सर्वज्ञानं क्षणाचाही विलंब लावला नाही. गेलेल्या व्यक्तीच्या अपुऱ्या आयुष्याचा भार, असे मानले जाते. माझंच वाक्य, माझ्यापेक्षा चांगल्या आवाजात.

"बघा ना मामा," संकेत म्हणाला.

"त्याला सांग की लिहिणारा समोर उभा आहे आणि खोटं आहे म्हणतोय."

त्यानं तसं विचारलं. सर्वज्ञ लगेच म्हणाला, की तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे, दिलगीर आहे, जुन्या जर्मन लोकांत आजोबांच्या नावाचा अंश नातवाला देण्याची प्रथा होती. संकेत फोनकडे बघतच राहिला. तो आता नक्की कुणावर विश्वास ठेवावा या पेचात पडला. मी त्याला दोष देत नाही. दोघंही सारखेच होतो. ज्यानं विचारलं त्याला बरं वाटेल ते सांगणारे.

प्रणाली मात्र फोनकडे बघत नव्हती. ती बाळाकडे बघत होती.

"मामा, मी तुमच्यावर विश्वास ठेवते," ती हळू म्हणाली. "तुम्ही कशाला खोटं सांगाल? पण तुम्हाला माहीत आहे ना, याच्या आधी एक..." तिनं वाक्य सोडून दिलं. मला माहीत होतं. पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. "मी ते वाचलं ना, तेव्हापासून ते डोक्यात आहे. तुम्ही आता खोटं म्हणालात तरी जात नाही. आईंना वाईट वाटलं, कळतं मला. पण उद्या याला साधा ताप आला तरी मला तेच आठवेल. मी रिस्क कशी घेऊ?"

मी कपाटावरचा फुगा काढून संकेतच्या हातात दिला.

आमच्या पानांवर ‘पेरेंट्स’ असा एक प्राणी असतो. त्याला मीनिंग लागतं, तो घाबरतो, त्याला काळजी चालते. तो मला पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसला. टोपड्याची नाडी सोडून पुन्हा बांधत होता.

बारसं झालं. बाळाची आत्या म्हणजे माझी भाची मोनाली. नाव ठेवायचा मान तिचा. ती पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन "कुर्रर्र" केलं, आणि बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. मग तिनं जाहीर केलं, "ओर्टविन संकेत!"

गुद्दे घालणारे हात थांबले.

"काय म्हणे?" मागून एक म्हातारी.

"ओटविन."

"ओटीत काय?"

"अवो मावशी, जर्मन नाव आहे, जर्मन!"

"असू दे माय, लेकरू त आपलंच आहे ना," असं म्हणून म्हातारीनं घुगऱ्यांचा वाटा पदरात घेतला. माझ्या मते त्या दिवशीचं नावावरचं सगळ्यात जाणतं भाष्य तिचं. प्रणालीच्या भावानं मग मोबाइलवरून अर्थ वाचला. तेजाचा मित्र, उगमाचा रक्षक. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. लेखकानं टाळ्यांच्या वेळी हात बांधून बसणं बरं दिसत नाही.

ताई पाळण्याजवळ नव्हती. तिला कुणी अडवलं नव्हतं. पण भाऊजी गेल्यापासून असल्या वेळी ती आपली आपणच मागे सरते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात झारा.

पंगत बसली, पाळण्याची खोली रिकामी झाली. बाळापाशी ताई बसली, सगळ्यांना जेवू दे म्हणून. मी गेलो आणि दाराजवळच्या पेटीवर बसलो.

"ताई, ते तू मला वाचून दाखवलंस ना फोनवर."

"हो."

"ते मी लिहिलं होतं."

ती दोरी ओढत होती. ओढत राहिली.

"कोणतं, थे भाराचं?"

"हो. खरं नाही ते. कुठंच नाही. मी आपल्या मनानं घातलं. तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. सकाळी प्रणालीला सांगितलं, पण आता तिच्या मनातून जात नाही."

पाळण्याची कडी करकरत होती. बाहेर कुणीतरी मठ्ठा मागत होतं.

"काहून लिहिलं रे?" ताईनं विचारलं. रागानं विचारलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो.

"जागा भरायची होती."

"जागा," ती म्हणाली. पाळण्याला एक झोका दिला. मग म्हणाली, "रेशनच्या दुकानात तू यायचं नाव सांगे, तवा मले लय बरं वाटे. पोट्ट्याच्या तोंडात कसं सोपं येते म्हणून. इतका जोरात ओरडे तू, लोकं मागं वळून पाहत." ती माझ्याकडे बघत नव्हती. "याहीले लय कौतुक तुह्यं. म्हणत, आपला प्रकाश खोटं बोलू शकत नाही, त्याचे कान लाल होते."

मी कानाला हात लावला नाही.

"आता सुनेले काही नको म्हणू," ती म्हणाली. "तिचं लेकरू आहे. एक गेलं तिचं. राहू दे थे जर्मन नाव, शाळेत लावतीन. मी काही भांडत नाही."

"आणि तुझं?"

ती उठली. दाराबाहेर एकदा बघून आली. परत पाळण्याशी बसली आणि एका हातानं पाळणा थांबवला. बाळ जागंच होतं, मूठ चोखत छताकडे बघत होतं. ताईनं पदर डोक्यावरून सारखा केला, जसा ती भाऊजी दुकानातून आले की करायची. ओठ हलले, काही आलं नाही. पुन्हा हलले.

"मनोहर," ती म्हणाली.

इतक्या हळू, की रेशन दुकानातल्या माणसाला नक्की ऐकू गेलं नसतं. मग तिला स्वतःचंच हसू आलं, लाजल्यासारखं. आणि तिनं दुसऱ्यांदा म्हटलं, जरा मोठ्यानं, शेवटचं अक्षर लांबवून, अंगणातून जेवायला हाक मारावी तसं.

"मनोहऽऽर! अरे, इकडे पाह्य ना!"

मी पेटीवरून वाकून बघितलं. बाळावर काही भार पडल्याचं दिसलं नाही. त्यानं मूठ तोंडातून काढली, आवाजाच्या दिशेनं मान वळवली, आणि एक मोठी जांभई दिली.